पायी चालणाऱ्याचा हिशोब

ठाण्यातल्या वर्तकनगर नाक्यावरून उपवन तलाव चालत गाठायला फार तर अर्धा तास लागतो. भाजीवाले, साईबाबांचे मंदिर, शाळा, दवाखाना, बँक हे तर त्याहून जवळ. पॅरिसच्या महापौरांनी ‘पंधरा मिनिटांचे शहर’ म्हणून जी कल्पना जगभर गाजवली, तिच्यातले बरेचसे म्हाडाने इथे काही दशकांपूर्वी गाजावाजा न करता बांधून ठेवले होते. तीन-चार मजल्यांच्या इमारती, त्यांच्यामध्ये मोकळी जागा, कोपऱ्यावर किराणा आणि पश्चिमेला येऊरचा डोंगर. तरीही आज इथला माणूस दोन स्टॉपच्या अंतरासाठी रिक्षाला हात करतो किंवा स्कूटरला किक मारतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्याने एकदा फूटपाथवरून चालून पाहिलेले असते, एवढेच.

आपल्याकडचा फूटपाथ हे बहुतेक ठिकाणी पावसाळी गटाराचे झाकण असते. त्याची उंची गटार ठरवते, चालणाऱ्याचा गुडघा नाही. त्यामुळे तो कुठे वीतभर, कुठे हातभर उंच होतो. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी गाडीला उतार हवा म्हणून तो खाली येतो आणि गेट संपले की पुन्हा चढतो. मध्ये विजेचा फिडर पिलर, पुढे जाहिरातीचा खांब, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग झाडाचे खोड, तेही बुंध्यापर्यंत सिमेंटने आवळलेले. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेल्या आजी तिसऱ्या गेटनंतर हा चढउतार सोडून देतात आणि मुकाट्याने डांबराच्या कडेने चालू लागतात. मग मोटारवाला काच खाली करून ओरडतो, ‘मावशी, फूटपाथ कशाला दिलाय?’

इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 मध्ये पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक नियम नव्याने काढले. रहिवासी भागात चालायला किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी आणि फूटपाथची उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको, असे ते सांगतात. नियम सरळ आहेत, परवडणारेही आहेत. पण महापालिकेच्या कामाचे फोटो निघतात ते रुंद डांबराचे. 2016 च्या सुमारास आयुक्त संजीव जयस्वाल यांच्या कारकिर्दीत ठाण्यात रस्ता रुंदीकरणाची मोठी मोहीम निघाली आणि पोखरण रस्ता क्रमांक 1 रुंद झाला. कोंडी त्या वेळी खरीच होती, त्यामुळे लोकांनी स्वागतही केले. रुंद रस्ता मात्र रिकामा राहत नाही. घोडबंदर रस्त्यावर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे एकामागून एक उड्डाणपूल झाले. तिथे संध्याकाळी किती वेळ अडकावे लागते ते त्या बाजूला राहणाऱ्याला विचारा. वाहनांना जागा वाढवून दिली की वाहने वाढतात, हे नियोजनशास्त्रात आता नवीन राहिलेले नाही. आपल्या अंदाजपत्रकापर्यंत ते अजून पोचायचे आहे.

रुंदीचा दुसरा परिणाम ओलांडताना कळतो. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. रस्ता 24 मीटरचा असेल तर वीस सेकंद पुरतात. हा माणूस कोण? तरुण, धडधाकट, हातात ओझे नसलेला. गुडघे दुखणाऱ्याचा वेग 0.8 मीटरवर आला, तर त्याला तीस सेकंद लागतात. राहिलेले दहा सेकंद तो भरधाव गाड्यांसमोर असतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाचांतला एक.

आता मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. रस्ता फक्त महापालिका घडवत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती घडवतात. म्हाडाच्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या खिडक्या रस्त्याकडे उघडत. पायरीवर कुणी ना कुणी बसलेले असे. मुलगा वळणावर पोचला की त्याच्या शाळा बुडवण्याची बातमी घरी पोचलेली असे. पुनर्विकासात त्या जागी टॉवर येतो. नियमाने पार्किंग द्यावेच लागते, म्हणून खाली पाच-सहा मजल्यांचे पोडियम, त्यात गाड्या, त्याच्यावर बाग आणि बागेच्या वर माणसे. रस्त्याच्या पातळीवर उरते लांबलचक भिंत, लोखंडी गेट आणि वॉचमनची केबिन. रात्री नऊनंतर अशा भिंतीच्या कडेने चालायला मुलीला नको वाटते, आणि त्यात तिची चूक नाही.

डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या वस्तीच्या तीन रस्त्यांची पाहणी केली होती. ती 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला सुमारे 2 हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाचे त्याच गल्लीत सरासरी तीन मित्र होते. 16 हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नव्हता, सरासरी 0.9. आपण शेजार तुटल्याचे खापर मोबाईलवर आणि टीव्हीवर फोडतो. थोडे पार्किंगवरही फोडायला हरकत नाही.

पार्किंगचा फायदा बिबट्याला मात्र झाला. 20 फेब्रुवारी 2019 ला एक बिबट्या ठाण्यातल्या कोरम मॉलच्या आवारात शिरला आणि अखेर समतानगरच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. डोंगराच्या पायथ्याच्या शहरात त्याला लपायला योग्य जागा मिळाली ती वाहनतळाची.

लोकांना चालायला आवडत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रस्ता पाहा. गणेश मंदिरापासून गर्दी, नवे कपडे, वर्षभराने भेटलेले वर्गमित्र, आणि वाहनांना बंदी. ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रस्त्यावर तेच. कुणी जाहिरात केलेली नसते, कुणाला ‘पर्यावरणपूरक’ वगैरे व्हायचे नसते. गाडी बाजूला केली की रस्त्यावर माणसे येतात, इतके ते साधे आहे. पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ केले आणि 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांविना ठेवायला सुरुवात केली. वर्षातून एक दिवस म्हणजे उपासाला एकादशीचीच वाट पाहण्यासारखे आहे. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने तेवढे तरी करावे.

कायद्याचे बळ आता आहे. चालण्यायोग्य पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले. आणि निमित्तही आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली: 29 किलोमीटर, 22 स्थानके, सुमारे 12,200 कोटी रुपये. लोकमान्यनगर आणि शिवाईनगर ही स्थानके वर्तकनगरच्या शेजारचीच. स्थानकाच्या जिन्यापासून पहिल्या पाचशे मीटरमध्ये सलग, सावलीचा, उतारांशिवायचा पदपथ नसेल, तर प्रवासी घरून स्कूटर काढेल, स्थानकाखाली ती लावेल आणि कोंडी तिथे जाऊन बसेल. त्या पाचशे मीटरचा खर्च एकूण आकड्यात दिसणारही नाही. म्हणूनच बहुधा तो कुणाच्या ध्यानात राहत नाही.

महापालिकेला पत्रे लिहावीत, जरूर लिहावीत. पण तुमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार असेल, तर त्याआधी सर्वसाधारण सभेत एक विषय मांडा. तिथे ‘मला पार्किंग किती?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, की रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दुकाने राहतील का, भिंतीऐवजी जाळी चालेल का, जुने शिरीषाचे झाड नकाशात आहे का, आणि गेटपाशी फूटपाथ सलग ठेवून गाडीनेच तो चढून यावा असे बिल्डरच्या करारात लिहून घेता येईल का. बैठकीत हसतील. इतिवृत्तात मात्र नोंद करून घ्या.