सुप्याची आग आणि प्रभूची प्रार्थना

पापक्षमेचा सिद्धांत शास्त्रशुद्ध रीतीने शिकण्यासाठी मला पुण्याच्या सेमिनरीत यावे लागले. परंतु ऋण म्हणजे काय, हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे त्याने बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा इतिहास वाचावा. मी तिकडचाच असल्यामुळे, प्रभूच्या प्रार्थनेतील ऋणे सोडण्याची विनंती उच्चारताना माझ्या मनात धर्मशास्त्राआधी दफ्तर उभे राहते.

मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीची घडी प्रथम इंदापुरात बसली. प्रिंगलसाहेबाने १८३० च्या सुमारास ठरविलेला सारा रयतेला पेलेना, जमिनी पडीक टाकून कुणबी परागंदा होऊ लागले, तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ साली आकार उतरवून तीस वर्षांचा बंदोबस्त करून दिला. ती मुदत सरताच १८६७ साली फेरआकारणी होऊन सारा पुन्हा चढला. अमेरिकेतील यादवीने वधारलेला कापसाचा भाव तोवर कोसळला होता. आणि हप्ता तर रोकड भरावयाचा, तेव्हा सावकाराच्या ओसरीवाचून वाट उरली नाही. १८५९ च्या कायद्याने खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची केली होती, ती कुळाच्या हितासाठी. व्यवहारात मात्र मुदत भरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होई आणि निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. अखेर १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेल्या आणि आता बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या व खते बाहेर ओढून पेटवून दिली. कोणाच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद नाहीसा करण्याकडेच जमावाचा रोख होता.

सेमिनरीत आलो तेव्हा क्षमा ही जीव आणि ईश्वर या दोघांमधली, अंतःकरणातल्या अंतःकरणात पुरी होणारी गोष्ट, अशी माझी धारणा होती. मंडळीत लहानपणापासून ऐकलेल्या उपदेशांनी ती दिली होती आणि तिच्यात मला पुष्कळ समाधानही लाभले होते. जुन्या कराराच्या अभ्यासात नहेम्याचा पाचवा अध्याय आला आणि ती धारणा रुंदावू लागली. राजाचा सारा भरण्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकलेले, पोटची मुले दास्यात दिलेले लोक तेथे गाऱ्हाणे घेऊन येतात, आणि नहेम्या सरदारांना बोलावून शेते परत करावयास लावतो. हा अध्याय मला परका वाटेना. लेवीय पुस्तकातील पन्नासाव्या वर्षाची जमीनमुक्तीही मग केवळ आत्मिक दृष्टांत म्हणून वाचता येईना.

त्यानंतर अन्सेल्म आला. अकराव्या शतकाच्या अखेरीस त्याने मांडले की पाप म्हणजे ईश्वराच्या मानाचे देणे बुडविणे, ते फिटल्यावाचून सुटका नाही, आणि मनुष्याला न फिटणारे देणे देवमानवाने फेडले. युक्तिवाद भव्य आहे. त्याच्या गांभीर्यापुढे मी आजही नम्र होतो. तथापि, पै न पै वसूल झाल्यावरच कुळाला मोकळे करणारा धनी आमच्या मुलखाने पाहिलेला आहे, आणि त्याला कोणी दयाळू म्हटलेले मला ठाऊक नाही. या ठिकाणी माझा विचार दीर्घकाळ अडून राहिला.

त्याला वाट मिळाली ती आषाढात बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरीस जाणाऱ्या पालखीच्या धन्याकडून. वडिलार्जित सावकारीची खते वाटून घेताना आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. सुप्यात कागद जाळला तो ऋणकोंनी. त्यांची वेदना न्याय्य होती, १८७९ चा शेतकरी कायदाही तिच्यामुळेच झाला, परंतु त्या आगीला क्षमा म्हणता येत नाही. इंद्रायणीत मात्र धनकोनेच आपले येणे सोडले आणि त्याची तूट स्वतःच्या संसारावर घेतली. वधस्तंभाकडे मी आता असे पाहतो: तेथे तिसऱ्याकडून वसुली होत नाही, धनी स्वतः तूट सोसतो. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, त्या पुलाची एक कमान या बुडालेल्या खतांची असावी, असे मला वाटते.

राहता राहिला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकर, ज्याला दहा हजार तालांताची सूट मिळाली आणि ज्याने शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. उपदेशात ही दुसरी रक्कम बहुधा क्षुल्लक म्हणून बाजूला सारली जाते. परंतु दीनार म्हणजे त्या काळी मजुराचा रोज. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. एवढे येणे सोडून देणे किती जड जाते, हे उसाच्या बिलाची वाट पाहत सोसायटीचे पीककर्ज पुढे ढकलणाऱ्या, आणि त्यातच शेजाऱ्याला हातउसने दिलेल्या आमच्या लोकांना कळते. मंडळी माझ्या हाती आली म्हणजे हा अध्याय वाचताना ती रक्कम मी तिच्या पुऱ्या वजनानिशी सांगणार आहे.