पाणी कुठं अडलं?

दूध नासलं, कपाटाची किल्ली हरवली किंवा वॉशिंग मशीननं पाणी सोडायचं नाकारलं, की शहाणी माणसं उपाय शोधतात, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. घरात मात्र आधी आरोपी शोधतात. आरोपी सापडला की निम्मं काम झालं, असं आपल्याला मनापासून वाटतं. पाणी अजून तसंच असतं; फक्त आता ते कुणाच्या तरी खात्यावर जमा झालेलं असतं!

'हे कशामुळं झालं?' आणि 'हे कुणामुळं झालं?' हे दोन प्रश्न अगदी भिंतीला भिंत लावून राहतात. पहिला कारणाचा, दुसरा दोषाचा. शेजार इतका लगतचा, की पहिल्याकडे म्हणून निघालेला माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि तिथंच जेवायला बसतो.

आमच्या मशीनचंच घ्या ना. पुढून दार उघडणारं हे यंत्र एका रविवारी धुणं संपत आल्यावर थांबलं. पोटात पाणी असेतो ते कपडे पिळत नाही आणि दारही उघडत नाही. काचेतून पाहिलं, तर माझा सदरा आणि सौ.चा गाऊन गढूळ पाण्यात एकमेकांच्या गळ्यात पडले होते. पंचवीस वर्षांच्या संसारात हे दृश्य तसं दुर्मीळच. पण ते पाहायला सवड कुणाला? खटला उभा राहिला होता. आई म्हणाली, "पावडर जास्त पडली असणार." सौ. म्हणाली, "या घरात खिसे तपासतं कोण?" आणि माझ्याकडे पाहिलं. चिरंजिवांनी कंपनीला दोष दिला, कारण कंपनी खोलीत हजर नव्हती. अखेर बहुमत झालं ते कामाच्या मावशींवर.

मावशी म्हणाल्या, "अहो, मला हात तरी लावू देता का त्याला? मी आपली दोरीवर वाळत घालते."

मुद्दा बिनतोड होता. पण पाणी वाहो न वाहो, घरातला आरोप नेहमी उताराच्या दिशेनंच वाहतो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. 'कुणी केलं?' हा प्रश्न त्यानं एकदाही विचारला नाही. आधी मागे वाकून त्यानं पाणी बाहेर नेणारा पाइप भिंत आणि मशीन यांच्यामध्ये चेंगरला आहे का, ते पाहिलं. मग पाइपाचं टोक किती उंचीवर आहे ते पाहिलं. असल्या मशीनला ते दोन-तीन फुटांवर लागतं. खाली जमिनीवर टाकलं, तर भरता भरताच पाणी निघून जातं. फार वर नेलं, तर पंपाची दमछाक होते. शेजाऱ्यांच्या सेमी-ऑटोमॅटिकला मात्र पंपच नाही. तिथं पाणी आपल्या वजनानं उतरतं, म्हणून पाइप जमिनीलगतच हवा. एकाचं वळण ते दुसऱ्याचं आडवळण!

मग त्यानं प्लग काढला, खालची छोटी झडप उघडली, आतल्या बारीक नळीनं सगळं पाणी परातीत उतरवलं आणि फिल्टर हळूहळू डावीकडे फिरवून बाहेर काढला. आत एक रुपया, एक गुंडी, आणि दोघांना पोटाशी धरून बसलेला लव आणि केस यांचा गुंता. शेवटी बोट घालून पंपाचं पातं मोकळं फिरतंय ना, हे त्यानं पाहिलं. ते फिरत होतं. पंप निर्दोष सुटला.

मला कौतुक वाटलं ते त्याच्या क्रमाचं. जे हाताशी आहे आणि ज्याला पैसे पडत नाहीत, ते आधी. पंप बदलण्याची गोष्ट सर्वांत शेवटी. आमचाही एक क्रम होताच: ज्याला उलट बोलणं परवडत नाही, तो आधी.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रहा'त कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि योगायोग पाहा, उदाहरण घेतलंय ते कापडाचं! धागे हे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी आणि विणण्याची साधनं वगैरे निमित्त. न्यायशास्त्राच्या हिशेबात करणारा माणूससुद्धा या निमित्तांतच, मागाच्या शेजारी बसतो. आमच्या गुंत्याला हे शास्त्र तंतोतंत लागू पडतं. लव हे समवायी, तिचं गोळा होणं असमवायी आणि रुपया निमित्त. नुसता रुपया तळाशी निमूट पडून राहिला असता. त्याला लवेची संगत मिळाली आणि पाणी अडलं. ती लव आईच्या पातळाची होती, पंचांची होती, चिरंजिवांच्या मोज्यांची होती. नव्हती ती फक्त मावशींची.

"म्हणजे दोष सगळ्यांचा, अर्थात कुणाचाच नाही. छान सोय झाली!" असं कुणी म्हणेल. तसं नाही. दोषाचा प्रश्न विचारावा, पण परात रिकामी झाल्यावर. तोवर त्याचं रूपही पालटलेलं असतं. 'कुणी केलं?' ऐवजी 'यापुढं कोण बघणार?' असं तो विचारू लागतो. आपल्या भाषेला हा फरक कधीचा ठाऊक आहे. दोष आपण देतो आणि जबाबदारी घेतो. द्यायला लोक उदार असतात. घ्यायच्या वेळी मात्र सगळ्यांचे हात ओले!

मशीनचं पाणी अर्ध्या तासात निघालं. पण माणसाला लावलेला बोल आत अडकला, तर तो काढायला खाली झडप नसते. त्या आठवड्यात मावशी रोज वेळेवर आल्या, भांडी लख्ख घासली, कपडे वाळत घातले. फक्त चहा घेतला नाही. "आत्ताच घेऊन आले," एवढंच म्हणाल्या. सातही दिवस.

फिल्टर उघडायच्या पाळ्या आता भिंतीवर लावल्या आहेत, महिन्याला एक. यादीत चार नावं आहेत, मावशींचं नाही. आणि न सांगता, न लिहिता, आईनं एक पाळी स्वतःकडे घेतली आहे. मावशी आल्या की ती गुडघ्यावर हात ठेवून उठते आणि चहाचं आधण स्वतः चढवते.