रस्त्यावरील कला आणि पाहणाऱ्याचा अधिकार

घराच्या भिंतीवर कोणते चित्र टांगावे हे घरधनी ठरवितो. पुस्तक आवडले नाही तर मिटता येते, नाटक रुचले नाही तर उठून जाता येते. परंतु रस्त्यावर जे मांडले जाते त्यास आपली संमती कोणी विचारलेली नसते. सकाळची गाडी गाठणाऱ्या माणसास स्टेशनाचा रस्ता टाळता येत नाही, आणि म्हणूनच त्या रस्त्यावरील देखावाही टाळता येत नाही. रस्त्यावरील कला सुंदर आहे की नाही, यापूर्वी नीतीचा एक प्रश्न उभा राहतो तो असा : न विचारता दुसऱ्याची दृष्टी घेणाऱ्याने तिच्या मोबदल्यात त्यास काय द्यावे?

या प्रश्नाच्या विचारास डोंबिवली हे चांगले स्थळ आहे. 1999 साली तेथील श्री गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. पुढे ठाणे, गिरगाव इत्यादी ठिकाणीही तशाच यात्रा निघू लागल्या. त्या दिवशी चित्ररथ निघतात, चौकाचौकांत मोठमोठ्या रांगोळ्या रेखिल्या जातात, आणि नऊवारी नेसून, फेटा बांधून तरुणी मोटारसायकली चालवितात. दिवाळीच्या सकाळी तर फडके रोडवर नटूनथटून आलेल्या तरुणांची एवढी दाटी होते की, तेथे पाहणारा कोण आणि दाखविणारा कोण हे सांगणे कठीण.

कोणी म्हणेल, 'एका सकाळीपुरती घातलेली नथ ही परंपरा नव्हे. हा निव्वळ देखावा होय.' आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि वेष हा केव्हाही थोडाबहुत दुसऱ्याने पाहण्याकरिताच असतो. शिवाय नऊवारीत वाहन हाकणारी मुलगी आजीची नुसती नक्कल करीत नाही. आजीच्या वाट्यास जी मोकळीक आली नाही, ती ती आजीच्याच वेषात मिळविते. जुन्या वस्तूस नवा अर्थ देणे यासच आपण निर्मिती म्हणतो. आणि तेथे जो पाहतो तो स्वतःही पाहिला जातो. म्हणजे देणेघेणे सारखे राहते.

आता त्याच रस्त्यावरील रांगोळी आणि तिच्या डोक्यावर टांगलेला शुभेच्छांचा फलक यांची तुलना करावी. रांगोळी घालणारे तासन्‌तास पाठ वाकवून बसतात आणि लवकरच पावलांखाली व चाकांखाली तिची माती होते. फलकावर मात सणाचे नाव कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे पुरुषभर उंच! एकीत सण मोठा आणि कर्ता अदृश्य. दुसऱ्यात कर्ता मोठा आणि सण निमित्तमात्र.

यावरून जाहिरात म्हणजेच पाप, असे मात्र समजू नये. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, आणि जी चित्रे राजवाड्यांत टांगावयाची ती सामान्यांच्या देवघरांत पोचली. पुढे त्याच चित्रांखाली साबणादिकांची नावे छापून दिनदर्शिका निघाल्या. व्यापाऱ्याने आपला माल सांगितला खरा, पण घरास एक चित्रही दिले. आणि ते टांगावे की नाही, हे घरानेच ठरविले.

जेथे ही निवड नाही व देणेही नाही, तेथे हाव किती वाढते याचे उदाहरण दूरचे नाही. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून 17 माणसे मेली. मर्यादा 40 फुटांची होती. फलक 120 फुटांच्या घरात गेला होता. वारा हे निमित्त झाले. अधिकाधिक डोळ्यांवर हक्क सांगण्याचा लोभ हे त्यामागचे कारण होय.

मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे. पण कायदा फार तर परवानगी पाहील. परवानगी मिळाल्याने कुरूप ते सुरूप होत नाही. पुढची जबाबदारी आपली, सुशिक्षित कुटुंबांची आहे. सोसायटीच्या गच्चीवर फलक उभारू दिल्यास देखभालीचा खर्च भागतो, हा हिशेब सभेत चटकन मंजूर होतो. समोरच्या इमारतीतील माणसाने सकाळी खिडकी उघडून काय पाहावे, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नसतो. तो तेथे यावयास हवा. भिंत आपली असली, तरी तिच्यासमोरचे डोळे आपल्या मालकीचे नसतात.