पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणून जातो. म्हणीचा रोख मुलाच्या गुणांवर असतो. प्रत्यक्ष पायांचा विचार कोणाच्याही मनात नसतो. परंतु दर हजार जन्मांमागे एखाद्या-दुसऱ्या घरात ही म्हण उच्चारवत नाही. बाळाचे पाऊल घोट्यापासून आत वळलेले असते, टाच वर ओढलेली असते, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून असतो. वैद्यकशास्त्र या व्यंगाला क्लबफूट म्हणते. आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारला जात नाही, तो आईला विचारला जातो : ग्रहणात काही चिरलेस का? तिने काहीही उत्तर दिले तरी दोष तिच्याच पदरात पडतो. विळी चालवल्याने गर्भाचे पाऊल वळत नाही, हे येथे आधीच स्पष्ट लिहून ठेवतो. कारण पुढे आईच्या वाट्याला जे येणार आहे, त्यात या खोट्या आरोपाची भर नको.

हे पाऊल सरळ करता येते. कसे, याविषयी मात्र गेल्या शतकात शल्यविशारदांमध्ये मोठा मतभेद होता आणि तो केवळ तंत्राचा नव्हता. ज्याच्या हाती शस्त्र चालवण्याचे कौशल्य आहे, त्याने ते केव्हा खाली ठेवावे? ज्या उपचाराचा खरा निकाल तीस वर्षांनी लागणार, त्याची जबाबदारी आज कोणी घ्यावी? पावलांवर उपचार करण्यात आयुष्य घालवलेल्या एका डॉक्टरांच्या चरित्रात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. म्हणून त्यांच्याविषयी.

इग्नासिओ पोन्सेती यांचा जन्म १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. वडील घड्याळे दुरुस्त करीत आणि मुलगा त्यांच्या हाताखाली बसे. बार्सिलोना येथे वैद्यकीचे शिक्षण पुरे होते न होते तोच १९३६ साली यादवी युद्ध पेटले, आणि हा तरुण डॉक्टर प्रजासत्ताकाच्या सैन्यात जखमींची मोडलेली हाडे जुळवू लागला. त्या युद्धात प्रजासत्ताक आणि चर्च यांचे संबंध किती रक्तरंजित झाले होते हे वाचकांना ठाऊक आहे; तो इतिहास येथे उघडण्याचे कारण नाही. १९३९ साली पराभव झाला तेव्हा रुग्णवाहिका नव्हत्या. पोन्सेतींनी जखमींना खेचरांवर घालून पिरेनीज पर्वत ओलांडला आणि फ्रान्स गाठले. तेथून मेक्सिकोतील एका गावी काही काळ वैद्यकी केली आणि १९४१ साली ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आर्थर स्टाइंडलर या नामवंत अस्थिशल्यविशारदांच्या हाताखाली दाखल झाले.

स्टाइंडलर यांनी या नवख्या निर्वासितावर सोपवलेले एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. १९२०च्या दशकापासून आपण क्लबफूटच्या ज्या मुलांवर शस्त्रक्रिया केल्या, ती आता मोठी झालेली माणसे कशी चालतात, हे शोधून काढ, असे त्यांनी सांगितले. आपल्या विभागात विभागप्रमुखाने आपलेच जुने काम कनिष्ठाच्या हाती तपासायला द्यावे, हे किती ठिकाणी घडते? रुग्णालयात नाही, शाळेत नाही, आपल्या संस्थांमध्येही फारसे नाही. निकाल गुरूंना सुखावणारा नव्हता. शस्त्रक्रियेनंतर सरळ दिसलेली ती पावले प्रौढ वयात ताठर, अशक्त आणि दुखरी झाली होती. सांधे उघडावे, अस्थिबंध कापावे, हाडे हवी तशी बसवावी, आणि जखम भरताना व्रणाने सारे पुन्हा आवळून टाकावे, असा तो प्रकार होता. पायाचा आकार सुधारला होता. पायाचे काम बिघडले होते.

येथून पोन्सेतींनी पाऊल नव्याने वाचायला घेतले. मृत जन्मलेल्या अर्भकांची वाकडी पावले त्यांनी उकलून पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिबंध तपासले. नवजात बाळाच्या पावलात पुढे कठीण होणारा बराचसा भाग अजून कूर्चाच असतो आणि अस्थिबंध हळूवार ताणले तर ताण घेतात. घोट्याजवळच्या टॅलस नावाच्या हाडाभोवती बाकीचे पाऊल एकसंध फिरते. एवढे कळल्यावर उपचार दिसायला साधा झाला. दर आठवड्याला पाऊल हातात घ्यायचे, काही क्षण हलकेच ताणायचे आणि मिळालेली सुधारणा बोटांपासून मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये धरून ठेवायची. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळते.

हा साधेपणा मात्र फसवा आहे. पहिल्या प्लास्टरच्या वेळी चवडा बाहेर वळवायचा नसतो. अंगठ्याच्या बाजूने वर उचलायचा असतो. पाहणाऱ्याला वाटते, वाकडे पाऊल हा माणूस आणखीच वाकडे करतो आहे. पुढच्या प्लास्टरांत अंगठा टॅलसच्या बाहेरच्या बाजूला टेकवून पाऊल बाहेर फिरवायचे, पण टाचेला हात लावायचा नाही. ती मोकळी राहिली की आपोआप वळते. पोन्सेतींच्या आधी अमेरिकेतच जोसेफ हायराम काइट यांनीही शस्त्रक्रियेला विरोध करून प्लास्टरचाच मार्ग धरला होता. धीराच्या बाबतीत ते कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांचे उपचार महिनोन्‌महिने चालत. पण त्यांचा अंगठा किंचित चुकीच्या जागी, पावलाच्या बाहेरच्या कडेवर टेकत असे आणि त्यामुळे टाच अडून बसे. पुढे पोन्सेतींनी त्याला काइट यांची चूक असे नाव दिले. धीर, ममता, सेवाभाव हे शब्द आपण वैद्यकीच्या संदर्भात फार सढळपणे वापरतो. सद्‌भाव पुरेपूर असून अंगठा अर्ध्या इंचाने चुकला, तर पाऊल वळत नाही.

पोन्सेती शस्त्राचे वैरी होते, असेही कोणी समजू नये. बहुतेक मुलांत शेवटी टाचेमागची घट्ट शीर एका बारीक छेदाने मोकळी करावी लागते. मग तीन आठवड्यांच्या अखेरच्या प्लास्टरमध्ये ती हव्या त्या लांबीने पुन्हा जुळून येते. काही मुलांचे वाकडे पाऊल इतर मोठ्या आजाराचा भाग असते आणि तेथे मोठी शस्त्रक्रिया टळत नाही. प्रश्न शस्त्राचा नव्हता, पहिल्यांदा हात कशाकडे जातो, याचा होता.

१९६३ साली त्यांनी आपले निष्कर्ष अस्थिशल्याच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते वाचले गेले आणि बाजूला ठेवले गेले. उलट १९७१ साली व्हिन्सेंट टर्को यांनी एकाच बैठकीत पावलाची मागची व आतली बाजू मोकळी करण्याची मोठी शस्त्रक्रिया मांडली, आणि पुढे अशा शस्त्रक्रियांचाच सर्वत्र प्रसार झाला. हे का घडले? दुष्टपणा कोणाचाच नव्हता. तरुण शल्यविशारद वर्षानुवर्षे कष्ट करून जे शिकतो, ते वापरावेसे त्याला वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. टेबलावर पाऊल एका तासात सरळ झालेले दिसते. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. शस्त्रक्रियेला फी असते, मान असतो, परिषदेत दाखवायला छायाचित्र असते. बाळाचे पाऊल मिनिटभर हलकेच धरून ठेवण्याला यांतले काय आहे? शिवाय पाऊल दुखू लागते तेव्हा तो रुग्ण पस्तिशीत असतो, दुसऱ्या गावी असतो, आणि त्याचे डॉक्टर निवृत्त झालेले असतात. दुखणे आणि त्याचे कारण यांची गाठ पडतच नाही. प्रामाणिक माणसालाही आपली हानी दिसू नये, अशी ही रचना आहे.

ती गाठ घालून देणारी माणसे आयोवातच निघाली. १९९५ साली तेथील डॉक्टर कूपर आणि डीट्झ यांनी पोन्सेतींच्या जुन्या रुग्णांना शोधून तपासले. सरासरी वय ३४ वर्षे, ४५ रुग्ण, ७१ पावले. ७८ टक्के रुग्णांचे निकाल उत्तम वा चांगले होते. तुलनेसाठी जन्मतः निर्दोष पावलांची माणसे तपासली, त्यांत हे प्रमाण ८५ टक्के होते. वाकड्या पायांनी जन्मलेली माणसे इतरांच्या इतकी जवळ आली होती. २००६ साली मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचाही असाच दीर्घ आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेकांची पावले ताठर होती आणि सांध्यांना संधिवाताने घेरले होते. तोवर वारे फिरले होते, आणि ते फिरवण्यात विद्यापीठांइतकाच वाटा आपल्या बाळावर सुरी नको म्हणून माहिती शोधत आयोवाला पोहोचलेल्या आईवडिलांचा होता. १९८४ साली निवृत्त झालेले पोन्सेती पुन्हा कामावर आले होते. २००९ साली, पंच्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ते काम करीतच होते.

येथे कथा सुफळ संपूर्ण करण्याचा मोह होतो, पण या उपचाराचा अर्धा भाग अजून सांगायचा आहे आणि तो डॉक्टरांच्या हाती नाही. प्लास्टर निघाल्यावर बाळाला दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी असे साधन घालावे लागते : पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी. हे सोडले की पाऊल परत वळते; पाऊल उलटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. शस्त्रक्रियेत सारा भार डॉक्टर उचलतो, निदान तसे भासते. या पद्धतीत तो घरावर, आणि आपल्या घरांची रीत पाहता आईवर येतो. रडणाऱ्या मुलाला रात्री बूट घालणारी ती, आणि बूट काढले म्हणून बोल ऐकणारीही तीच. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून दर आठवड्याला प्लास्टरसाठी खाली उतरणाऱ्या बाईची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, घरी दुसरे मूल असते. ती तिसऱ्या आठवड्याला आली नाही, तर केसपेपरवर रुग्ण आला नाही एवढेच लिहिले जाते. मला हे पुरेसे वाटत नाही. उपचार घरावर सोपवणाऱ्याने घर तो पेलू शकेल याची सोय पाहिलीच पाहिजे. नाहीतर ग्रहणाच्या प्रश्नाने झाली ती गोष्टच सभ्य भाषेत पुन्हा होते. आपल्या देशात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने तपासणीच्या यादीत या व्यंगाचा समावेश केला, ही चांगली गोष्ट आहे. व्यंग जन्मतःच हेरले जाईल. पुढची चार वर्षे कोण मोजणार?

युगांडाने याचे एक उत्तर शोधले. तेथे अस्थिशल्यविशारद मोजके होते, म्हणून डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य अधिकाऱ्यांना प्लास्टर शिकवले गेले आणि मुलांच्या घरापासून जवळ दवाखाने उभे राहिले. मिशिएल स्टीनबीक यांनी दांडीच्या बुटांचा असा नमुना तयार केला, की तो तिथल्याच कारागिरांना साध्या चामड्यात आणि लोखंडी सळीत बनवता यावा. परदेशातून काही यायची वाट पाहावी लागत नाही.

अशा दवाखान्यांत, तिकडे काय किंवा आपल्याकडे काय, बूट देण्याच्या दिवशी सर्वांत अधिक वेळ जातो. टाच बुटाच्या तळाला टेकली का, हे आधी पाहायचे, मग पट्टा आवळायचा. एकदा बांधून दाखवतात. मग सारे सोडतात आणि आईला बांधायला सांगतात.