महिला दिन आणि मुलीचा हिस्सा



३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळली जाते. २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन आणि ८ मार्चला महिला दिन येतो. आपल्या कामशेत परिसरातील शाळांतही या दिवशी भाषणे होतात. फातिमा शेख यांचे नाव निघाले की आपली मान उंचावते. १८५६ साली सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख आहे.

असे दिवस पाळावेत का, असा प्रश्न काही बांधव विचारतात. इबादत म्हणून कोणताही दिवस आपल्या मनाने ठरवता येत नाही. आपल्या ईद दोनच आहेत. परंतु ज्या दिवशी लोक स्त्रियांच्या हक्कांविषयी ऐकायला तयार असतात, त्या दिवशी अल्लाहचा आदेश त्यांच्या कानी घालणे हे आपले कर्तव्यच आहे.

तो आदेश कोणता? उहुदच्या युद्धात हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली. पत्नी आपल्या दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि तिने गाऱ्हाणे मांडले. प्रेषितांनी (स.) तिला अल्लाहच्या निर्णयाची प्रतीक्षा करण्यास सांगितले. त्यानंतर सूरह अन्-निसामधील वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) भावाला बोलावून फर्मावले की मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यावा आणि उरेल ते स्वतः घ्यावे. म्हणजे २४ पैकी १६ भाग मुलींचे, ३ आईचे आणि ५ भावाचे.

आता आपल्या मावळाकडे पाहू या. द्रुतगती मार्ग झाला, पवना परिसरात बंगले उभे राहिले आणि भातखाचरांना सोन्याचा भाव आला. वडील वारले की वारस नोंदीची वेळ येते. बहिणीला निरोप जातो, ‘ताई, एक सही करून जा.’ ती येते, हक्कसोडपत्रावर सही करते आणि साडी-चोळी घेऊन सासरी परतते. आपण म्हणतो, तिने राजीखुशीने सोडले. सही केली नाही तर माहेर तुटेल, या धास्तीने दिलेल्या संमतीला राजीखुशी म्हणता येईल काय? आधी तिचा हिस्सा तिच्या नावे करा, तिच्या ताब्यात द्या. त्यानंतर तिने मनापासून भावाला दिला, तर ती तिची देणगी.

‘लग्नात खर्च केला’ हेही उत्तर चालणार नाही. लग्नाच्या मांडवावर आणि जेवणावळीवर केलेला खर्च वारसा ठरत नाही. काही वडील हयातीतच सर्व जमीन मुलांच्या नावे करून टाकतात. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट देऊन प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व संततीला असेच दिले आहे काय, असे विचारून प्रेषितांनी (स.) नकार दिला आणि संततीत न्याय करण्याचा आदेश दिला.

मुलाला दोन मुलींएवढा हिस्सा का, असा प्रश्न आपल्याला विचारला जातो. कुटुंबाच्या पालनपोषणाचा भार पुरुषावर आहे आणि स्त्रीचा हिस्सा केवळ तिचा आहे, असे उत्तर आपण देतो. उत्तर योग्य आहे. पण ज्या घरात मुलीला काहीच मिळाले नाही, तेथे ते कोणत्या तोंडाने द्यावे? मालमत्ता थोडी असो वा जास्त, स्त्रीचा हिस्सा ठरलेला आहे, असे कुरआन सांगतो (४:७). या मर्यादा ओलांडणाऱ्यासाठी पुढे नरकाग्नीचा इशारा आहे (४:१४). नमाज-रोजा सांभाळणाऱ्यांनी हे विसरू नये.

म्हणून येत्या ८ मार्चला एक काम करा. घरातील सातबारा काढा, बहिणीचे, आत्याचे नाव त्यात आहे का ते पाहा. नसेल तर जाणत्या आलिमाकडून हिस्से काढून घ्या आणि देणे सुरू करा. जमीन विकली गेली असेल, तर तिच्या वाट्याची रक्कम द्या. आत्या हयात नसेल, तर तिच्या वारसांना द्या.

अल्लाह आपल्याला हक्कदाराचा हक्क त्याच्या हाती सोपवून या जगातून जाण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.