त्याच्या तोंडात कोंबू नकोस

बस तिथे. तुझ्या पोराचा डबा बघितलास? आजही कोरडा भात आणि ग्लुकोजची बिस्किटं, त्यातलंही अर्धं परत. परवा पोषण आहाराची खिचडी वाढली, तर घास गालात धरून बसला आणि घंटा झाल्यावर नळामागे जाऊन थुंकला. माझ्या डोळ्यांसमोर. आणि तू मला सांगतोस, ‘बाई, नाटकां करता तो’?

बांगड्याचा काटा अडकला होता ना त्याच्या घशात? तुम्ही सगळे हसलात. तेव्हापासून मासा सुटला, मग भाजी सुटली, आता आमटीत खोबऱ्याचा कण लागला तरी ताट सरकवतो. घाबरलाय तो! काही मुलांना वास, लिबलिबीतपणा सोसत नाही, काहींना भूकच लागत नाही, ह्याने गिळण्याची धास्ती घेतलीय. डॉक्टर ह्याला आर्फिड म्हणतात. 2013 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानग्रंथात हा वेगळा विकार म्हणून नोंदवला. बारीक दिसायच्या खुळाशी ह्याचा संबंध नाही.

खाण्यात चोखंदळ पोरं मी ढिगानं पाहिलीत. कारलं नको म्हणतात आणि ताडमाड वाढतात. तुझ्या मुलाचं जूनमधलं वजन दिवाळी उलटली तरी तिथंच आहे. सहलीला येत नाही म्हणाला. का? तर ‘थंय जेवचा लागतला’. एवढं ऐकूनही तुला काही कळू नये?

आणि वजन ठीक असलं म्हणजे सुटलो, असंही समजू नकोस. ब्रिस्टलच्या एका मुलाची हकिगत 2019 साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. उंची-वजन बरोबर, पण वर्षानुवर्षं चिप्स आणि पांढरा पाव. जीवनसत्त्वं आटली आणि सतराव्या वर्षी नजर गेली, ती परत आली नाही.

तुम्ही काय केलंत? नाक दाबून भरवलंत. पाहुण्यांसमोर ‘मालवणी घरातलो झील आणि मासे खाणा नाय’ म्हणून लाज काढलीत. दृष्ट काढलीत, देवाला कौल लावलात. गाऱ्हाणं घाला, माझी ना नाही, पण डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवलंत का?

आता ऐक. जेवणाच्या वेळा ठरव, मधे बिस्किटं नकोत. सगळ्यांबरोबर ताटावर बसव. तो खातो ते ताटात असलंच पाहिजे, ते काढून घेऊन उपाशी ठेवायची अक्कल कुणी चालवू नये. शेजारी नवा पदार्थ नखाएवढा. हात लावला, वास घेतला, नाही खाल्ला, तरी अवाक्षर काढायचं नाही. धडधाकट पोरंसुद्धा नवी चव दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर घेतात, ह्याला त्याहून जास्त लागतील. भातावरून घट्ट पेज, पेजेवरून मऊ घावणे, असं सरकत जा. माशाचं नाव सध्या काढू नकोस.

पण हे सगळं त्याला डॉक्टरला दाखवल्यावर. कसालहून ओरोस काय लांब आहे? जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाकडे ने, रक्त तपासून घे, मानसोपचाराचं विचार. शाळेतला वजनाचा कागद मी काढून ठेवलाय, तो घेऊन जा. आणि तुझ्या आईला शनिवारी माझ्याकडे पाठव. तिच्याशी मी बोलते, तुझं ती ऐकायची नाही.