आशीर्वाद आणि रक्त

शास्त्रवाचन : ईयोब १:१३-२२, २:९-१०, १ करिंथकरांस १०:१६



मराठी मुलखापासून दूर, भोपाळ, हैदराबाद वा बंगळूर येथे स्थायिक झालेल्या आपल्या ख्रिस्ती घरांतून ‘गॉड ब्लेस यू’ हे शब्द आता जणू मराठीच होऊन गेले आहेत. पत्राच्या शेवटी आपण ते लिहितो, गाडी सुटताना खिडकीपाशी उच्चारतो, कोणी शिंकले तरी म्हणतो. नवे घर झाले, मुलाला नोकरी लागली, परदेशाचा व्हिसा हाती आला की आपण ‘ब्लेस्ड’ होतो. आणि जिची कूस रिकामी राहिली, ज्याचा व्यवसाय बुडाला, ज्याच्या घरातून आजार हटत नाही, त्यांच्याविषयी काय? तोंडाने आपण काही म्हणत नाही. परंतु उपासनेनंतर मंदिराच्या दारात त्यांचा हात हाती घेताना आपल्या मनात कोणता विचार डोकावतो, हे आपले आपल्याला ठाऊक असते. म्हणूनच हा ‘ब्लेस’ शब्द मुळात काय होता, ते पाहणे अगत्याचे आहे.

इ. स. ५९७ मध्ये रोमचा बिशप ग्रेगरी याने पाठविलेला ऑगस्टीन हा मिशनरी इंग्लंडातील केंट येथे पोहोचला. तेथील लोक आपल्या देवतांपुढे पशू मारीत असत. ६०१ साली ग्रेगरीने मेलिटस यास एक पत्र धाडले. बीड या इतिहासकाराने ते जपून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, मूर्ती मोडा, पण देवळे पाडू नका. आणि जी गुरे हे लोक दैत्यांना अर्पीत होते, ती आता देवाचे उपकार मानून सणाच्या भोजनासाठी कापू द्या. अशा लोकांच्या बोलीत रक्ताच्या शब्दापासून झालेले एक क्रियापद होते, ‘ब्लेत्सियन’. रक्त लावून पवित्र करणे, असा त्याचा मूळ अर्थ बहुतेक भाषापंडित देतात. लॅटिनमध्ये आशीर्वाद देण्याला ‘चांगले बोलणे’ अशा अर्थाचा शब्द आहे, ग्रीकमध्येही तसाच. त्या सौम्य शब्दासाठी इंग्रजांनी मात्र आपला रक्ताने माखलेला शब्द वापरला. पुढे ‘ब्लिस’, म्हणजे परमसुख, या उच्चाराने जवळच्या शब्दाची छाया त्यावर पडली. रक्त विसरले गेले आणि सुख तेवढे उरले.

जुन्या कराराच्या इब्री भाषेतील शब्द आहे ‘बाराख’. तीच तीन अक्षरे गुडघ्यासाठीही येतात. दोहोंचे मूळ एकच आहे की काय, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण उत्पत्तीचा चोविसावा अध्याय उघडून पाहा. अब्राहामाचा सेवक विहिरीजवळ उंटांना गुडघे टेकून बसवितो (वचन ११), रिबका भेटल्यावर परमेश्वराचा धन्यवाद करितो (वचन २७), आणि शेवटी आप्तजन रिबकेला आशीर्वाद देऊन निरोप देतात (वचन ६०). मराठीत या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. इब्रीत तिन्ही ठिकाणी तीच अक्षरे आहेत. देव मनुष्याला आशीर्वाद देतो तेव्हा वरून खाली काही येते. मनुष्य देवाला काय देणार? त्याच्यापाशी वाकविण्याजोगे दोन गुडघेच काय ते आहेत.

डोंगरावरील प्रवचनातील ग्रीक शब्द निराळा आहे. इंग्रजी त्यालाही ‘ब्लेस्ड’च म्हणते. आपल्या भाषांतरकारांनी मात्र ‘धन्य’ हा शब्द घेतला, आणि तो धनापासून झालेला! प्रभूने तो लाविला दीनांना आणि शोक करणाऱ्यांना. या वचनाची धार मराठी कानाला इंग्रजीहून अधिक जाणवावी.

परंतु या शब्दाची सर्वांत कठीण कसोटी ईयोबाच्या पुस्तकात आहे. सैतान म्हणतो की, याचे सर्वस्व काढून घे, मग हा तुझ्या तोंडावर तुला शाप देईल. ईयोबाची पत्नीही तेच सुचविते. आश्चर्य असे की, मूळ इब्रीत या ठिकाणी शापाचा शब्दच नाही. तेथे ‘बाराख’ आहे. देवाच्या नावाशेजारी शाप लिहिणे अभद्र म्हणून तेथे त्याच्या उलटा शब्द आला आहे. नाबोथावरील खोट्या आरोपातही (१ राजे २१:१०) हेच घडले आहे. म्हणजे त्याच शब्दाचा अर्थ आशीर्वाद होतो आणि शापही. कोणता घ्यायचा, हे बोलणाऱ्याच्या हृदयावरून ठरते. गुरे गेली, चाकर गेले, दहा लेकरे एका दिवसात गेली. त्यानंतर ईयोब भूमीवर पडून तोच शब्द उच्चारतो आणि त्याचा सरळ अर्थ राखतो (१:२१). त्या घटकेला त्याच्यापाशी ‘ब्लेस्ड’ म्हणावे असे काय होते? (त्याच्या पत्नीला प्रवचनकारांनी फार बोल लाविले आहेत. ती दहा लेकरे तिचीही होती, हे आपण विसरू नये.)

फ्रेंच भाषेत ‘ब्लेसे’ म्हणजे जखमी. इंग्रजी शब्दाशी त्याचे काही नाते नाही, उच्चाराचे साम्य तेवढे आहे. तरी यब्बोकच्या उतारापाशी रात्रभर झोंबी करणारा याकोब आठवल्यावाचून राहत नाही. त्याने आशीर्वाद मिळविला आणि तो लंगडत चालू लागला. त्याला वाटेत भेटलेल्या माणसाला प्रथम काय दिसले असेल, त्याचा आशीर्वाद की त्याची मांडी?

मिसरातील दारांच्या चौकटींवर कोकऱ्याचे रक्त होते. सीनायपाशी मोशेने ते लोकांवर शिंपडले. आणि पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा आशीर्वादाचा प्याला आणि ख्रिस्ताचे रक्त यांचा उल्लेख एकाच वाक्यात करितो. गलतीकरांस तर तो सांगतो की, अब्राहामाचा आशीर्वाद आपल्यापर्यंत यावा म्हणून ख्रिस्त वधस्तंभावर शाप झाला (३:१३, १४). इंग्रजांच्या पूर्वजांनी हा सारा विचार करून शब्द निवडला असेल, असे माझे म्हणणे नाही. पण प्रभुभोजनाच्या मेजापाशी जो प्याला हाती घेतो, त्याला आशीर्वादाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. तोच प्याला शेजारी गुडघे टेकलेल्या निपुत्रिक भगिनीच्या ओठांना लागतो. तिच्या वाट्याचा थेंब आपल्याहून लहान नसतो.

उपासनेच्या अखेरीस पाळक हात उंचावून गणना ६:२४-२६ मधील आशीर्वचन देतात. सारी मंडळी पुढे उभी असते, तरी मूळ इब्रीत ‘तुम्हांला’ नव्हे, ‘तुला’ असे एकवचन आहे. १९७९ साली यरुशलेमेत हिन्नोम खोऱ्याच्या कडेला, केतेफ हिन्नोम येथील प्राचीन कबरींत, गब्रिएल बार्काई या संशोधकाला चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वचनाचे शब्द कोरलेले आहेत. त्या ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरच्या किंवा सहाव्याच्या आरंभीच्या असाव्यात, असे मानले जाते. बाबेलच्या सैन्याने नगर जाळले तो हाच सुमार. जेथे लेकरे अग्नीत होमली गेली आणि ज्याच्या नावावरून ‘गेहेन्ना’ हा नरकाचा शब्द आला, त्याच खोऱ्याच्या काठी कोणीतरी ते शब्द आपल्या मृताबरोबर ठेवले होते.